लव्हॉनच्या घरातला भाडेकरू

वेंडेल ग्रोव्हच्या नगरकचेरीत तीन खिडक्या होत्या. पहिलीवर कचऱ्याचे पैसे भरायचे, दुसरीवर कुत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि तिसरीवर लव्हॉन प्रुएट बसायची. गावात घर घेतलेला असो, भाड्याने आलेला असो, म्हाताऱ्या आईला आणून ठेवणारा असो, प्रत्येकाला या तिसऱ्या खिडकीपुढे उभं राहावंच लागे. घरात कोणकोण राहणार, त्यांची नावं, वयं आणि एकमेकांशी नातं लिहून दिल्याशिवाय आमच्या गावात पलंग टाकता येत नसे. त्या कागदाला राहण्याचं परमिट म्हणत, आणि ते फ्रिजच्या दारावर लावून ठेवायचं असा दंडक होता.

नियम साधा होता. सेंट लुईस शहराच्या गर्दीला कंटाळून इकडे विटांची घरं बांधलेल्या लोकांनी तो लिहून ठेवला होता. एका घरात एक कुटुंब. कुटुंब म्हणजे रक्ताचं नातं, लग्नाचं नातं, नाहीतर दत्तक. याखेरीज मालकाला एक भाडेकरू ठेवता येईल, पण त्याला वेगळी खोली, वेगळा पलंग आणि खोलीला दार हवं. बेचाळीस पानांच्या त्या नियमावलीत प्रेमाचा उल्लेख कुठेही नव्हता. गॅरेजच्या उंचीवर मात्र दीड पान होतं.

लव्हॉनला ती बेचाळीस पानं तोंडपाठ होती. सव्वीस वर्षं ती त्या खिडकीत होती आणि सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. नाकासमोर चालणारी बाई. कचेरीचं पेन घरी नेणार नाही आणि घरचं पेन कचेरीत आणणार नाही. महापौराच्या भाच्यालासुद्धा तिने दोनदा परत पाठवलं होतं, कारण त्याने वय लिहिलं नव्हतं. लोक तिला टरकून असत. पण तिचा वचक वेगळा आणि तिचं मन वेगळं, हे तिच्या डाव्या खणात ज्याने डोकावून पाहिलं त्याला ठाऊक असे.

त्या खणात प्लॅस्टिकच्या पांढऱ्या गुलाबांचा एक गुच्छ असे. खिडकीशी लग्न न झालेलं जोडपं आलं की लव्हॉन चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायची आणि परमिट देता येत नाही म्हणून स्पष्ट सांगायची. मग आवाज खाली आणून म्हणायची, क्लेटनच्या कोर्टात जा, अर्ज टाका, तीन दिवस थांबावं लागतं, चौथ्या दिवशी लग्न लावून इकडे या, मी कागद तयार ठेवते. आणि गुच्छ पुढे करायची. गुच्छ परत आणून द्यायचा, ही अट. चौथ्या दिवशी जोडपं परत आलं की परमिटाबरोबर तिच्या हातचा लोण्याचा चिकट केक मिळे. अशी एकेचाळीस लग्नं तिने जमवली. गावातल्या एकेचाळीस बैठकीच्या खोल्यांत एकेचाळीस फोटो लटकत होते. नवरी निरनिराळी आणि गुच्छ तोच.

आता अशी बाई, जिने अख्ख्या गावाला सव्वीस वर्षं नातं विचारलं, तिच्या स्वतःच्या फ्रिजवर काय लिहिलेलं असावं? टर्न ड्राइव्हवर अकराशे सेहेचाळीस नंबरचं तिचं घर. परमिटावर दोन नावं. लव्हॉन प्रुएट, मालकीण, विधवा. एमेट डॉकरी, भाडेकरू.

एमेट मालगाडीवर काम करायचा. अठ्ठ्याहत्तर साली तो तिच्याकडे राहायला आला तो खरोखरच भाडेकरू म्हणून, आणि सहा आठवड्यांत भाडं देणं-घेणं बंद झालं. लग्नाला दोघांची ना नव्हती. पण एमेटला बायको होती. लुडेल तिचं नाव. बर्फावरून गाडी घसरली आणि डोक्याला मार लागला, तेव्हापासून ती केप जिरार्डोच्या एका शुश्रूषागृहात पडून होती. डोळे उघडे, ओळख कुणाचीच नाही. तिचा औषधपाण्याचा सगळा खर्च एमेटच्या रेल्वेच्या विम्यातून चाले, आणि घटस्फोट झाला असता तर तो विमा तुटला असता. एमेटने घटस्फोटाचं नाव काढलं नाही आणि लव्हॉनने त्याला ते कधी काढू दिलं नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघं दोन तास गाडी चालवून जायचे. एमेट लुडेलला रेल्वेच्या गोष्टी सांगायचा आणि लव्हॉन तिच्या टाचांना मलम चोळायची, नखं कापायची, केस विंचरायची. यातलं गावाला काही ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला मात्र एक पलंग लागला. भाडेकरू ठेवणाऱ्या घराची दरवर्षी तपासणी होई आणि तपासनीस गस केटलर पलंग मोजून जाई. म्हणून लव्हॉनने मागच्या खोलीसाठी एकेरी पलंग आणि नवीकोरी गादी आणली. गादी दुकानातून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आली. कोण झोपणार आहे तिच्यावर, निदान स्वच्छ तरी राहील, असा हिशोबी विचार करून तिने वेष्टन न काढता वरून चादर घातली. तपासणीच्या सकाळी ती पलंगाखाली एमेटच्या सपाता ठेवी, उशाशी त्याचा जुना चष्मा, आणि चादर हाताने थोडी चुरगाळून ठेवी. पहिल्याच वर्षी गस बुटाची नाडी बांधायला त्या पलंगावर टेकला आणि गादी करकरली. चांगलीच करकरली. लव्हॉन दारात उभी होती. गसने सावकाश दुसऱ्याही बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, उठला, कागदावर ‘पलंग एक, ठीक’ असं लिहिलं आणि हवेबद्दल काहीतरी बोलत निघून गेला. पुढच्या अठरा वर्षांत तो त्या पलंगावर बसला नाही.

सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात डेसा लोमॅक्स आणि कर्टिस यार्बर खिडकीशी आले. डेसा दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, कर्टिस शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. दोघांनी मिळून रेनवुड लेनवर दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, घर दोघांच्या नावावर, आणि शहरातल्या लोकांची नेहमीची चूक त्यांनी केली होती. चाव्या मिळाल्या म्हणजे घर मिळालं असं समजून सामान आधी आणलं आणि परमिटाला नंतर आले. बरोबर तीन मुलं. मोठी जोरी नऊ वर्षांची, डेसाच्या पहिल्या नवऱ्याची. धाकटे दोघे यांचे.

लव्हॉनने अर्ज वाचला. नात्याच्या रकान्यात डेसाने लिहिलं होतं, ‘आम्ही एकत्र राहतो.’ लव्हॉनने नेहमीप्रमाणे चष्म्यावरून पाहिलं, नियम सांगितला, आवाज खाली आणला, क्लेटनचा पत्ता दिला आणि खण उघडला.

डेसाने गुच्छाकडे पाहिलं. ती रागावली नाही, म्हणून लव्हॉनला ते जास्त लागलं.

“फुलं छान आहेत, मिस लव्हॉन,” ती म्हणाली. “पण मी एकदा घर मिळावं म्हणून लग्न केलंय. दोन वर्षांनी हे मोडलेलं मनगट घेऊन त्या घरातून बाहेर पडले. आता लग्न करीन ते मला आणि कर्टिसला वाटेल तेव्हा. तुमच्या गावाला वाटतंय म्हणून नाही.”

कर्टिस तिच्यामागे धाकट्याला कडेवर घेऊन उभा होता. लग्नाला तो केव्हाही तयार होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग लव्हॉनने जे सव्वीस वर्षांत कुणालाच सुचवलं नव्हतं ते सुचवलं. इकडेतिकडे बघून ती म्हणाली की घर एकट्या डेसाच्या नावावर करता आलं, तर कर्टिसला भाडेकरू म्हणून लिहिता येईल. तळघरात एक दार बसवायचं, एक पलंग टाकायचा. वर्षातून एकदा तपासणी. बाकी कोण बघतंय?

“कागद फ्रिजवर लावायचा असतो ना?” डेसाने विचारलं.

लव्हॉनने मान डोलावली.

“जोरी समोर दिसेल ते वाचते. डब्यावरचं, पाटीवरचं, सगळं. ती रोज दूध घ्यायला फ्रिज उघडणार आणि रोज वाचणार की हा माणूस इथे भाड्याने राहतो. या माणसाने तिला सायकल शिकवली. असलं मी माझ्या फ्रिजवर लावणार नाही.”

लव्हॉनने अर्जावर नामंजुरीचा शिक्का मारला. दुसरं काही करताच येत नव्हतं. पण त्या दिवशी तिच्या हाताने शिक्का वाकडा उमटला, आणि गुच्छ खणात ठेवताना तिला तो पहिल्यांदाच धुळकट दिसला.

गस केटलरने रेनवुड लेनवरच्या दारावर बिनपरमिटच्या घराला लावायचा नोटिशीचा लाल कागद चिकटवला. नियम तसा होता. सुनावणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी. तिथेही नाही म्हटलं तर नोव्हेंबरअखेर पाचही जणांनी घर सोडायचं.

घरी आल्यावर लव्हॉन रोज दूध काढायला फ्रिज उघडू लागली आणि रोज तो कागद वाचू लागली. एकोणीस वर्षांत तिचं त्याकडे लक्ष गेलं नव्हतं. भाडेकरू. एमेट अंगणात शेगडीवर डुकराच्या मांसाचे जाड काप भाजत असायचा, बाहेरून काय हवं नको विचारत असायचा, आणि ही फ्रिजपुढे उभी. फ्रिजमधला गारवा निघून जाईल असं एमेट दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच येऊन दार लावलं.

सुनावणीच्या आदल्या रविवारी केप जिरार्डोहून परत येताना तिने गाडीत विषय काढला. तिने काय ठरवलंय ते सांगितलं.

“लुडेलच्या बहिणीला कळेल,” एमेट म्हणाला.

“तिला कधीच कळलंय. दर नाताळला दोघांसाठी मोजे कोण पाठवतं?”

“तुझी नोकरी जाईल, लव्हॉन. चार वर्षांवर पेन्शन आलंय.”

“जाईल.”

“चर्चमधल्या बायका तुझ्या हातचा केक खाणार नाहीत.”

“मग तू खा. तुला तसाही पुरत नाही.”

एमेट हसला नाही. पुढच्या गावाची पाटी मागे पडल्यावर म्हणाला, “मला इतकी वर्षं वाटायचं, तुला लाज वाटते म्हणून तू चादर चुरगाळतेस. म्हणून मी काही बोललो नाही.” लव्हॉनला रडू आलं, आणि आलं ते तिने येऊ दिलं. लाज नव्हे, भीती होती, ती म्हणाली. घर जाईल याची. या माणसाला कुणी उठवून नेईल याची. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या दारावर लाल कागद पाठवणाऱ्या बाईला त्या कागदाची सगळ्यात जास्त धास्ती होती, कारण तो किती सहज निघतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारी दुपारी चार वाजता, कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना, लव्हॉन उठून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला गेली. तक्रारीचा कोरा अर्ज घेतला. घराचा पत्ता लिहिला, अकराशे सेहेचाळीस टर्न ड्राइव्ह. तक्रार लिहिली: या घरात लग्न न झालेले स्त्री-पुरुष एकत्र राहतात, भाडेकरू हा भाडेकरू नाही. तक्रारदार, लव्हॉन प्रुएट. मग आत येऊन बसली, स्वतःचा अर्ज स्वतः स्वीकारला, शिक्का मारला, तारीख-वेळ घातली आणि नियमाप्रमाणे एक प्रत तपासनिसाकडे दिली.

गस केटलरने कागद वाचला. गुडघ्यांनी जेरीस आलेला, पूर्वी गवंडीकाम केलेला तो थोराड माणूस शेजारच्या खुर्चीत बसला.

“हे मागे घे, लव्हॉन. मला काही माहीत नाही असं मी एकोणीस वर्षं करतोय. अजून चार वर्षं करीन.”

“तुला माहीत होतं?”

“अगं, गादी बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीसारखी वाजत होती.”

लव्हॉनने त्याला लाल कागद दिला. त्याला जमेना, म्हणून शेवटी ती स्वतःच घरी गेली आणि आपल्या हाताने तो आपल्या दारावर लावला. चारही कोपरे नीट दाबून लावला. जे करायचं ते नीट, ही तिची सवय तिने त्या दिवशीही सोडली नाही.

सात वाजता सभागृह भरलं होतं. महापौर नॉर्बर्ट हासे गवत कापायची यंत्रं विकायचा आणि गावही गवतासारखंच एका उंचीत ठेवावं असं त्याचं मत होतं. माणूस दुष्ट नव्हता. फक्त एकदा लिहिलेलं पुन्हा वाचायचा नाही. त्याच्यासकट पाच जण टेबलामागे. लव्हॉन बाजूला, बैठकीचं टिपण घ्यायला. डेसा बोलली, कर्टिस बोलला. जोरी पहिल्या रांगेत सभागृहाच्या भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचत बसली होती. मग हासेने नेहमीचा प्रश्न लव्हॉनला विचारला: सव्वीस वर्षांत या गावाने लग्न न झालेल्या कुठल्या जोडप्याला राहू दिलं आहे का? नोंद तुमच्याकडे आहे.

उत्तर दरवेळी एकच असे. नाही, साहेब. दोन शब्द. ते म्हणून पुढचं पान उलटायचं.

लव्हॉनने पेन खाली ठेवलं, उठली आणि टेबलाला वळसा घालून लोकांच्या माइकपुढे जाऊन उभी राहिली. आमच्याकडे त्या माइकवर कुणीही बोलायचं तर आधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो. तिने हा दंडक हजार लोकांकडून पाळून घेतला होता.

“लव्हॉन प्रुएट,” ती म्हणाली. “अकराशे सेहेचाळीस टर्न ड्राइव्ह. हो, साहेब, दिलं आहे. मला. एमेट डॉकरी माझ्याकडे एकोणीस वर्षं राहतो. कायद्याप्रमाणे त्याची बायको केप जिरार्डोला आहे. ती आजारी आहे आणि तिच्या पायांना मलम मी लावते. कायद्याप्रमाणे तो माझा भाडेकरू आहे. मी तसं लिहिलं, ते खोटं लिहिलं. आज दुपारी मी माझ्यावर तक्रार नोंदवली आहे. माझ्या दारावर लाल कागद आहे. या मुलीला घराबाहेर काढायचं असेल तर रांगेत माझा नंबर तिच्या आधी हवा. माझा गुन्हा जुना आहे.”

हासेचा चेहरा लालबुंद झाला. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं, तो म्हणाला, आणि ज्या बाईवर गावाने विश्वास टाकला तिनेच खोटा कागद केला, असं बरंच बोलला. त्यात चूक काही नव्हतं. लव्हॉनने ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग मतदान झालं. डेसाच्या विरुद्ध तीन, बाजूने दोन. लव्हॉनला त्याच क्षणी कामावरून थांबवण्यात आलं. ती टेबलाशी परत गेली, मतांचा निकाल स्वच्छ अक्षरात टिपणात लिहिला, सही केली, आणि मग घरी गेली.

म्हणजे एवढं करून काहीच झालं नाही. डेसाचं घर जाणार ते जाणारच, वर लव्हॉनची नोकरीही गेली. गावातली माणसं तिला रस्त्यात भेटली तर पायाखाली बघू लागली. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा दोन रविवार रिकामी राहिली. ती म्हणायची, मला काही वाटत नाही. वाटत होतं. रात्रंदिवस वाटत होतं.

तेवढ्यात हॅलोवीन आला. आमच्याकडे पोरं सोंगं घेऊन दारोदार येतात, पण फुकट गोळी कुणी देत नाही. आधी विनोद सांगायचा, मग खाऊ. इतर गावांत असं नसतं म्हणतात. त्यांचं ते बघून घेतील. लव्हॉनच्या दारात दरवर्षी शंभर पोरं यायची, कारण ती विनोद खरोखर ऐकायची आणि आवडला तर दोन गोळ्या द्यायची. त्या वर्षी दारावर लाल कागद होता. तिने परडी भरली आणि ऊन उतरल्यावर पायरीवर खुर्ची टाकून बसली. साडेपाच वाजले. सहा वाजले. पोरं समोरच्या फुटपाथवरून जात होती, आया त्यांचे खांदे धरून पुढे नेत होत्या. एमेट आतून दोनदा डोकावून गेला.

सव्वासहाला एक लहानसं भूत रस्ता ओलांडून आलं. जुनी चादर, डोळ्यांच्या जागी कात्रीने पाडलेली भोकं. मागे कर्टिस, कडेवर वाघ झालेला धाकटा. भूत पायरीशी थांबलं आणि आधी त्याने लाल कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“आमच्यासारखाच आहे,” चादरीतून जोरी म्हणाली.

“तसाच आहे. विनोद सांग.”

“भुताच्या घरात किती जणांना राहता येतं?”

“किती?”

“कितीही. मोजायला आत जायची कुणाची छातीच होत नाही.”

लव्हॉन इतकी हसली की समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबली. तिने जोरीच्या पिशवीत अर्धी परडी ओतली. आणि मग शेजारच्या ब्रँट बायका त्यांच्या दारातून बाहेर आल्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोन भावांच्या विधवा, एका घरात राहून अकरा वर्षं झाली होती. परमिटावर ‘बहिणी’ असं लिहिलेलं होतं. सख्ख्या जावा, रक्ताचं नातं काडीचं नाही, नवरे गेल्यावर लग्नाचंही नियमात धरत नसत, आणि लव्हॉनला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“लव्हॉन,” थोरली हळूच म्हणाली, “तो अर्ज तुझ्याकडे घरी असतो का गं? स्वतःवर तक्रार करायचा?”

घरी नव्हता. कचेरीची वस्तू ती घरी आणत नसे. पण कोणत्या खिडकीवर मिळतो आणि कोणता रकाना कसा भरायचा, ते तिने पायरीवर बसूनच समजावून सांगितलं. पुढच्या तासाभरात पोरांना पुढे घालून आणखी सात जण आले. पोरं विनोद सांगत होती आणि त्यांच्या मागून मोठी माणसं कानात कुजबुजत होती. घरोघरी मातीच्या चुली. कुणाचा ‘पुतण्या’ पुतण्या नव्हता. कुणाची ‘वहिनी’ वहिनी नव्हती. लग्नाच्या त्या एकेचाळीस जोडप्यांतलं एक जोडपं आलं, ते पाच वर्षांपूर्वी रीतसर घटस्फोट घेऊन पुन्हा गुपचूप एकत्र राहत होतं, आणि नवरीने विचारलं की गुच्छ अजून आहे का.

दोन आठवड्यांत कचेरीत त्रेसष्ट तक्रारी आल्या. सगळ्या स्वतःवर. नियम बेचाळीस पानांचा आणि पक्का: प्रत्येक तक्रारीची वेगळी सुनावणी, महिन्याला बैठक एक, बैठकीत सुनावण्या दोन. तिसऱ्या खिडकीवर बसवलेल्या नव्या पोरीला दोन अधिक दोन कळेना. गसचे लाल कागद संपले, आणि त्याने सेंट लुईसहून मागवले ते गुलाबी आले. त्यातला एक त्याला महापौराच्या आईच्या दारावर लावावा लागला. हिल्डा हासे, वय चौऱ्याऐंशी, पत्त्यांचा डाव जमवणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर राहायची. तिने तक्रारीत लिहिलं होतं, ‘ही माझी कोणीही लागत नाही आणि मी तिला सोडणार नाही.’

नोव्हेंबरच्या चोविसाव्या तारखेला खास बैठक बोलावली गेली. नियमावलीच्या नवव्या पानावरची, कुटुंब म्हणजे काय ते सांगणारी ओळ खोडली. चार विरुद्ध एक. खोडायच्या बाजूने चौथं मत हासेचं होतं. त्याने बहुधा ते पान पहिल्यांदाच वाचलं असावं, की आईने वाचून दाखवलं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच बैठकीत लव्हॉनला परत बोलवायचं ठरलं. खोटा कागद केल्याबद्दल तिचा महिन्याभराचा पगार कापला, आणि तिने तो कापून घेतला. ते बरोबरच आहे म्हणाली. तसंही तिच्याशिवाय कुणाला फायली सापडत नव्हत्या.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी एमेट आणि कर्टिसने मागच्या खोलीतला पलंग उचलला. जोरी अजून जमिनीवर अंथरूण घालून झोपत होती, हे लव्हॉनला हॅलोवीनला कळलं होतं. रेनवुड लेन चार गल्ल्या दूर. दोघांनी तो हातानेच नेला, दर कोपऱ्यावर दम खात. मागून लव्हॉन उशी घेऊन चालत होती. वाटेत गस केटलर त्याच्या अंगणात पानं गोळा करत होता. त्याने पलंग पाहिला, टोपी काढली आणि पुन्हा घातली.

जोरीच्या खोलीत पलंग मांडला. डेसाने चादर काढली तर खाली दुकानाचं प्लॅस्टिक, जसंच्या तसं. कर्टिसने खिशातला चाकू काढून ते फाडलं. गादी पांढरीशुभ्र निघाली, एकोणीस वर्षांपूर्वी दुकानातून आली तशी. जोरी तिच्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. आवाज आला नाही.

“यावर आधी कोण झोपायचं?” तिने विचारलं.

एमेटने लव्हॉनकडे पाहिलं. ती उशीला अभ्रा घालत होती.

“कोणीच नाही,” लव्हॉन म्हणाली. “हा लोकांना दाखवायला होता. एमेट माझ्यापाशी झोपतो.”

“मग ठीक आहे,” जोरी म्हणाली, आणि बूट काढून आडवी झाली.